तुमचं पत्र, माझं उत्तर : अक्षरं अडतात तेव्हा

मागच्या अंकात शिकताना अडखळणाऱ्या मुलांबद्दल मी अगदी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा कॉलम त्यांनाच द्यावा लागतोय. आईबाबांची आहेतच, पण जास्त पत्रं आहेत ती आजी, शेजारीण, लायब्ररीवाले, संध्याकाळी फुकट क्लास घेणारी पोरं अशांची, म्हणजे ज्यांचा कागदोपत्री काहीच संबंध नाही त्यांची, आणि मला तेच भारी वाटलं. सगळी घेता आली नाहीत, काही कापून छोटी केलीयेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

ताई, आम्ही पाचसहा जण मिळून संध्याकाळी एका हॉलमध्ये मुलांचा अभ्यास घेतो. आमच्यात शिक्षक कुणीच नाही, सगळे नोकरी नाहीतर कॉलेजवाले. वीसबावीस मुलं येतात, त्यातली तीनचार पाचवी-सहावीत असूनही साधं वाक्य वाचू शकत नाहीत. त्यांना लर्निंग डिसॅबिलिटी आहे का? आणि असली तर आमच्यासारख्या अनट्रेन्ड लोकांनी हात लावावा का, की उलट नुकसान होईल? – संध्याकाळचा क्लास

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. वाचायला शिकवून कुठल्या मुलाचं नुकसान झालेलं मी तरी बघितलं नाही, "ह्याला काहीतरी आहे, आपलं काम नाही" म्हणून त्याला कोपऱ्यात बसवून ठेवल्याने झालेलं मात्र भरपूर बघितलंय.

आता "आहे का". लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचणं, लिहिणं किंवा गणित शिकताना अडणं. ती आहे का ते मी पत्रावरून सांगू शकत नाही आणि प्लीज तुम्हीही सांगू नका, मुलांसमोर तर मुळीच नको. पाचवीत वाचता न येण्याची कारणं ढीगभर असतात. शाळा सारखी बदलली, घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, कानाने कमी ऐकू येतं, नंबर लागलाय पण कुणाच्या लक्षात नाही, पहिलीत धड शिकवलंच गेलं नाही. तज्ज्ञ लोकसुद्धा निदान करताना बघतात की नीट मदत देऊनही अडचण किमान ६ महिने टिकली का, अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या डीएसएम-५ ह्या निदानाच्या पुस्तकात ही अट स्पष्ट लिहिलीये. म्हणजे बघा, तुम्ही जी मदत करायला घाबरताय ती मदत ही निदानाच्या आधीची पायरीच आहे! शाळकरी मुलांमधलं प्रमाण त्याच पुस्तकात ५ ते १५ टक्के दिलंय, तेव्हा बावीस जणांत एक ते तीन मुलं खरोखर तशी निघाली तर घाबरण्यासारखं काही नाही, तेवढी असायचीच.

तर आधी त्या तिघाचौघांचे कान आणि डोळे तपासून घ्यायला पालकांना सांगा, हे सगळे विसरतात. मग इयत्ता विसरा. पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवा आणि मूल खरंच कुठे अडतंय ते बघा, अक्षरावर, काना-मात्रेवर, की जोडाक्षरावर, आणि सारख्या जागी अडणाऱ्यांचा एक छोटा गट करा, मग त्यात दुसरीतला आणि सहावीतला शेजारी बसले तरी चालतील (सहावीतल्याला लाज वाटेल, त्याला दुसरीतल्याचा "सर" करा, मार्ग निघतो). अनट्रेन्ड म्हणून कमीपणा वाटत असेल तर बालसखीचं उदाहरण लक्षात ठेवा. 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्यात तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी वस्तीतल्याच तरुण मुली नेमल्या होत्या, त्या ह्या मुलांना रोज साधारण २ तास वेगळं घेऊन बसायच्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला, तो २००७ मध्ये छापून आला, आणि सगळ्यात मागे असलेल्या मुलांनाच सगळ्यात जास्त फायदा झालेला दिसला. ह्याच दोघांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पण एक सांगते, मागे पडलेलं मूल आणि डिस्लेक्सिया (म्हणजे वाचण्यातली लर्निंग डिसॅबिलिटी) असलेलं मूल ह्या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पहिलं मूल अशा मदतीने भराभर वर येतं. दुसरंही येतं, पण गोगलगायीच्या वेगाने, आणि त्याला तीच गोष्ट कितीतरी जास्त वेळा लागते.

शिकवायचं काय, तर आवाज. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं ही समजूत अजून जाता जात नाही, सॅम्युअल ऑर्टन नावाच्या डॉक्टरांनी १९२५ च्या सुमारास तसं काहीसं मांडलं होतं, पण नंतरच्या संशोधनात दिसत गेलं की बहुतेक मुलांची मूळ अडचण शब्दातले आवाज सुटे करण्यात असते, दिसण्यात नाही. म्हणून आधी पुस्तक न उघडताच खेळ घ्या. 'कमळ' मधला क पळाला, काय उरलं? मळ. 'नगर' मधला न गेला? गर. म ने सुरू होणाऱ्या पाच वस्तू शोधून आणा. हे जमायला लागलं की एकेक मात्रा, एका आठवड्यात एकच, घाई नको. आपली लिपी उच्चाराप्रमाणे लिहिली जाते असं आपण अभिमानाने सांगतो पण तिच्यातही खड्डे आहेत. 'कि' मध्ये वेलांटी आधी दिसते आणि म्हणायची मात्र क च्या नंतर. रफाराची तर कमालच, 'सूर्य' मधला र य च्या डोक्यावर जाऊन बसलाय आणि म्हणायचा य च्या आधी. मूल इथे चुकलं तर तो मठ्ठपणा नाही, त्याने डावीकडून उजवीकडे अगदी इमानदारीत वाचलेलं असतं.

रोज १५-२० मिनिटं. रविवारी तीन तास घेऊन काही होत नाही. आणि प्रत्येक मुलाची एक वही ठेवा, त्यात तारीख, काय घेतलं, कुठे अडलं, बास. सहा महिन्यांनी चारातली दोन मुलं पुढे गेलेली असतील आणि ज्याची वही तिथेच घुटमळतेय त्याच्या पालकांना स्पेशल एज्युकेटर (अशा मुलांना शिकवायचं ट्रेनिंग घेतलेले शिक्षक) किंवा सायकॉलॉजिस्टकडे पाठवताना ती वही सोबत द्या. कुठल्याही तज्ज्ञाला "अभ्यासात लक्ष नाही" ह्या वाक्यापेक्षा ती वही शंभर पटीने उपयोगी पडते.

माझा नातू नऊ वर्षांचा आहे. गोष्ट सांग म्हटलं तर तासभर हातवारे करून सांगेल पण पुस्तक पुढे धरलं की रडकुंडीला येतो. त्याचे बाबा म्हणतात शुद्ध आळशीपणा आहे, रोज आरडाओरडा चालतो. मी स्वतः सातवी शिकलेली, मी काय मदत करणार? – एक आजी

आजी, तुमच्या नातवासारखाच एक मुलगा इंग्लंडमध्ये होता, पर्सी नाव, १४ वर्षांचा. हुशार, खेळात पुढे, पण वाचता येईना, स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं असं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी हे १८९६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलंय. म्हणजे सव्वाशे वर्षं होऊन गेली, आणि आपण अजून त्याला आळस म्हणतोय.

मदतीचं म्हणाल तर सातवी भरपूर झाली. कीथ टॉपिंग नावाच्या अभ्यासकांनी जोडीने वाचायची पद्धत खूप रुजवली, घरच्या कुणालाही जमते. पुस्तक नातवाने निवडायचं, कितीही "बालिश" निवडलं तरी तोंड वाकडं करायचं नाही. दोघांनी शेजारी बसून एकत्र मोठ्याने वाचायचं, तुम्ही त्याच्या वेगाने. त्याला वाटलं एकटं वाचावं की त्याने हळूच टिचकी मारायची, तुम्ही गप्प व्हायचं. अडला तर मनात चारपाच आकडे मोजायचे, तोवर नाही जमलं तर शब्द सांगून टाकायचा, त्याने तो म्हणायचा, आणि पुन्हा दोघांनी एकत्र सुरू. "परत वाच", "नीट बघ", "काल तर आला होता हा शब्द", ह्यातलं एकही वाक्य नाही. दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. त्याला चुकायची भीती नसते कारण एकटं पडायचंच नसतं, सगळी गंमत त्यातच आहे. जमलं तर घराखालच्या दोन मुलांनाही बसवा, तुमच्यासारख्या अजून एकदोघी आज्या गोळा करा.

आणि त्याच्या बाबांशी भांडू नका. एखाद्या निवांत रात्री सहज विचारा, "तुला रे शाळेत वाचायला उभं केलं की कसं वाटायचं?" हा प्रकार घराण्यात चालतो आणि जास्त आरडाओरडा करणारा बाप बरेचदा स्वतःच तसलं बालपण काढलेला असतो, त्याला मुलात आपलीच भीती दिसते. असेलच असं नाही. पण विचारून बघा, तुम्ही त्याची आई आहात, तुम्हाला तर आठवतही असेल.

आमच्याकडे एक जण रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम देऊन डिस्लेक्सिया घालवतो म्हणतात, कोर्स बराच महाग आहे. करावा का? – काळजीत असलेले बाबा

नको. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र निवेदन काढून सांगितलंय की रंगीत काचा किंवा डोळ्यांचे व्यायाम ह्यांनी डिस्लेक्सिया बरा होतो ह्याला पुरावा नाही. नंबर असेल तर साधा चष्मा लावा, उरलेले पैसे चांगल्या स्पेशल एज्युकेटरसाठी ठेवा. "घालवतो" म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका, ही घालवायची गोष्टच नाहीये.

आम्ही मंडळातर्फे "अध्ययन अक्षमता जनजागृती शिबिर" ठेवलं. मोठा हॉल, बॅनर, तज्ज्ञांचं भाषण, दोन हजार पत्रकं वाटली. पालक आले सात. त्यातले चार आमचेच नातेवाईक. लोकांना काही पडलेलीच नाही असं वाटायला लागलंय. – कार्यकर्ता

अहो पडलेली असते हो, फार पडलेली असते, म्हणूनच येत नाहीत. त्या बॅनरखालून आत शिरणं म्हणजे सगळ्या गल्लीदेखत "माझ्या मुलात खोट आहे" असं सांगणं, कोण शिरेल? त्यात 'अक्षमता' हा शब्द. मी असते तर मीही समोरून वळून घरी गेले असते.

शब्दावरून आठवलं, 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्दप्रयोग रूढ झाला तोच पालकांच्या बैठकीतून. १९६३ साली शिकागोला पालक जमले होते, त्यांची मुलं बुद्धीने ठीक पण शिकताना अडणारी, कुठल्याच खान्यात न बसणारी, आणि सॅम्युअल कर्क नावाच्या प्राध्यापकांनी तिथे भाषणात हा शब्द वापरला. पुढच्याच वर्षी पालकांनी स्वतःची देशभराची संघटना काढली. नीट बघितलंत तर ते तुमच्या शिबिराच्या बरोबर उलट आहे, आधी पालक एकमेकांना सापडले आणि भाषण नंतर आलं.

तेव्हा पुढच्या वेळी हॉल घेऊ नका. लोक जिथे आधीच जमतात तिथे तुम्ही जा, शाळेच्या पालकसभेतली दहा मिनिटं मागून घ्या, दवाखान्यात लहान मुलांना घेऊन बसलेल्या आया असतात, लायब्ररीत गोष्टीचा तास असतो. बोर्डावर "मुलाला वाचायला आवडत नाही? या, गप्पा मारू" एवढंच लिहा. तज्ज्ञाऐवजी एखादा असा मोठा माणूस शोधा जो लहानपणी ह्यातून गेलाय आणि आज मजेत जगतोय, मेकॅनिक असेल, नर्स असेल, कुणीही, आणि त्याला फक्त शाळेतल्या गोष्टी सांगू द्या. भाषण नको म्हणतेय त्याऐवजी एक खेळ घ्या, पालकांना कागद द्या आणि डाव्या हाताने (डावखुऱ्यांनी उजव्या) दोन मिनिटांत मी सांगते ते लिहा म्हणा, भराभर सांगत सुटा, मध्येमध्ये "काय हे अक्षर", "बाकीच्यांचं झालं बघा" असं टोचत राहा. हसतात आधी. मग हळूहळू गप्प होतात, आणि मला माहितीये त्या गप्प होण्यानंतर जे बोलणं होतं ते कुठल्याही स्लाइडने होत नाही.

आणि ती दोन हजार पत्रकं! दोन मिनिटांपूर्वी आजींना सांगितलं की हे घराण्यात चालतं. मग ज्या घरात वाचायचीच अडचण आहे त्या घरात तुम्ही बारीक टायपातलं पत्रक दिलंत. त्याऐवजी दीड मिनिटाचा व्हॉइस मेसेज करा, साध्या बोलीत, ग्रुपवर टाका, लोक कामं करता करता ऐकतात आणि पुढे ढकलतात. त्यात पुढचं पाऊल एकच सांगा, म्हणजे अमक्या वारी ह्या वेळेला अमुक ठिकाणी कुणीतरी बसलेलं असेल, मुलाची वही घेऊन या. जागृती करून सोडून दिलं आणि जायला जागाच नसली तर पालक आधीपेक्षा जास्त हताश होतात, हे मी अगदी कळकळीने सांगतेय.

एक विनंती, मुलांना स्टेजवर बोलावून "ही आमची विशेष मुलं" असं करू नका. फोटो तर नकोच.

मुलगी तिसरीत. एकदम शांत, वर्गात त्रास नाही, टीचर म्हणतात सगळं छान. पण सकाळी पोट दुखतं म्हणते, आणि नेमकं मोठ्याने वाचनाचा तास असतो त्याच दिवशी. मी उगीच शंका घेतेय का? – आई

उगीच नाही. शांत मुली निसटतात. सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातला १९९० चा एक अभ्यास आहे, त्यात शाळांनी शोधलेल्या मुलांमध्ये मुलगे मुलींपेक्षा कितीतरी जास्त होते, पण संशोधकांनी स्वतः सगळ्यांची टेस्ट घेतली तर फरक जवळजवळ उरलाच नाही. साधं आहे, जो बाक वाजवतो तो टीचरला दिसतो, आणि जी पाठ करून वेळ मारून नेते तिला "छान" मिळतं.

घरी एक करून बघा, तिने कधीच न पाहिलेला सोपा उतारा द्या, चित्र नसलेला. पाठ केलेल्या धड्यावर ह्या मुली तुम्हाला सहज फसवतात (आणि स्वतःला फसवत दमून जातात). अंदाजाने शब्द ठोकून देतेय का, ओळ सुटतेय का, चार ओळींनंतर थकतेय का ते बघा, तोंडावर काही बोलू नका. मग टीचरशी बोला, तक्रार म्हणून नाही, "तिला आधी न सांगता वर्गासमोर उभं करू नका, एक दिवस आधी उतारा द्या" एवढंच मागा. बहुतेक टीचर ऐकतात. पोटदुखी त्यानेच अर्धी होते की नाही बघा, आणि तपासणीसाठी "मोठी झाली की सुधारेल" म्हणत पाचवीची वाट बघू नका.

वाचन मस्त, गणितात मात्र शून्य, सातवीत बोटं मोजतो. बोटं बंद करू का? – लायब्ररीतली मावशी

बोटं चालू द्या मावशी, त्याचा तेवढाच आधार आहे. गणिताचीही अशी वेगळी अडचण असते, डिस्कॅल्क्युलिया म्हणतात, १९७४ पासून लाडिस्लाव कोश्च ह्यांच्या कामामुळे ती वेगळी ओळखली जाते. तुमच्या हातात लायब्ररी आहे तर पत्ते, फासे, सापशिडी काढून ठेवा, फाशावरचे ठिपके न मोजता ओळखता यायला लागले की तिथून पुढे जा. पाढे घोकवू नका, निदान तुमच्याकडे तरी नको, ते शाळेत होतंच आहे.

मी आठवीत आहे आणि हे मी बोलून टाईप करतोय कारण मला लिहायला खूप वेळ लागतो. मी पुस्तकं पण ऐकतो. मित्र म्हणतात ही चीटिंग आहे तू वाचलंच नाहीस. आमच्या इथे एक दादा संध्याकाळी शिकवतो तो म्हणाला ताईंना विचार. चीटिंग आहे का? – नाव नको

नाही रे बाळा. पुस्तक लिहिणाऱ्याने जे सांगितलं ते तुझ्या डोक्यात पोचलं ना? झालं मग, कुठल्या दारातून आलं ह्याला काय महत्त्व आहे, चष्मा लावून वाचणाऱ्याला कुणी चीटिंग म्हणतं का. फक्त एक कर, ऐकताना पुस्तक समोर उघडं ठेव आणि बोट फिरवत जा, कारण डोळ्यांनी वाचायची सवयही मला तुझ्याकडून थोडी हवीच आहे आणि ती सोडलीस तर दादा आणि मी दोघं रागावू. परीक्षेत जास्त वेळ किंवा लेखनिक मिळू शकतो का हे दादाला शाळेत विचारायला सांग, ती मेहरबानी नसते, मागायला लाजू नको.

आणि तुझं पत्र मी एका अक्षरानेही दुरुस्त केलेलं नाही, बाकी सगळ्यांची कापली. कुठलं पुस्तक ऐकतोयस ते पुढच्या पत्रात बोलून पाठव.